म्हसोबाच्या कोंबड्याची सहा पिसं

जोतीराम सूर्यवंशींची बायको राजेश्वरी तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. भांडून गेली असती तर निदान गल्लीत सांगायला काहीतरी झालं असतं. पण ती गेली लेकीच्या बाळंतपणाला आणि राहिली नातवासाठी. नातवावर रागवावं म्हटलं तर त्याला अजून पुरते दातही आलेले नव्हते. लेक संयोगिता आणि जावई दोघंही कम्प्युटरच्या नोकरीत. बाळ सांभाळायला बाई ठेवली, तर ती बाळापेक्षा मोबाईल जास्त सांभाळायची. मग आजीच बरी! आजोबांचं काय? आजोबांना काय धाड भरलीय? कवठे महांकाळला स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, भरलेला सिलेंडर आहे. असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि त्या सगळ्यांत जोतीरामही होते. मान त्यांनीच हलवली होती.

बरं, आपणच पुण्याला जाऊन राहावं, तर तेही करून झालं होतं. आठ दिवस, चौदाव्या मजल्यावर. जावई माणूस भला, पण सासरा पहाटे उठून जरा खाकरला की तो "काही हवंय का बाबा?" असं इतक्या अदबीनं विचारायचा, की जोतीरामांना खाकरायचीही चोरी झाली. नवव्या दिवशी त्यांनी एसटी धरली.

रोज संध्याकाळी साडेसातला राजेश्वरीचा फोन यायचा. "जेवलासा?" व्हय. "गोळी घेतली?" व्हय. "गॅस बंद केलाय न्हवं?" व्हय. मग ती विचारायची, "आन् काय विशेष?" आणि जोतीराम म्हणायचे, "काय न्हाई." या दोन शब्दांनी जितके संसार मुके केलेत तितके दारूनंही केले नसतील. मागं बाळ रडायला लागायचं आणि फोन बंद. जोतीराम पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कालवा निरीक्षक होते. पाटाला किती पाणी आलं हे मोजण्यात जन्म गेला, त्यामुळे सवयीनं ते फोनवरही आकडा बघायचे. दोन मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्या दिवशी एक मिनिट पन्नास. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी असंच आटत जाताना दिसतं, हे त्यांना खात्यात असताना कधी कळलं नव्हतं.

त्यांना बोलायचं नव्हतं असं नाही हो. पण दिवसात काही घडायला नको? सकाळी चहा, दुपारी भात, संध्याकाळी दुपारचाच भात. यातून बातमी काढायची तरी कशी?

अशात एके दुपारी मोबाईलवर एक टकला गोरा माणूस दिसला. तो एका गळाला दोरा गुंडाळत होता, त्यात पीस अडकवत होता आणि बघता बघता त्यानं हुबेहूब माशी बनवली. मग नदीत उभं राहून ती खोटी माशी त्यानं पाण्यावर टाकली, एक मासा फसला, आणि त्या गृहस्थानं मासा हातात घेऊन, बघून, परत सोडून दिला. पूर्ण पंधरा मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. जोतीरामांना एवढंच दिसलं की माणूस एकटा आहे आणि तरी त्याचं तोंड काही उतरलेलं नाही.

संध्याकाळी "आन् काय विशेष?" आलं तेव्हा ते म्हणाले, "माशी बांधतोय."

"काय बांधताय?"

"माशी. खोटी. मासं धरायला."

"आवं, तुमाला बरं हाय न्हवं?"

सात मिनिटं चाळीस सेकंद! जोतीराम फोन हातात धरून बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसले. मग उठून त्यांनी पक्कड शोधली.

पक्कडीत गळ धरायचा, दांड्याला रबर गुंडाळून ती मिटलेली ठेवायची, टेबलाच्या खणात अडकवायची, आणि मग दोरा गुंडाळायचा. व्हिडिओत हे काम त्या माणसाला दोन मिनिटं लागतात. जोतीरामांना पहिल्या माशीला दोन दिवस लागले, आणि तयार झाली ती माशी न दिसता कुणीतरी चघळून टाकलेली तमालपत्राची काडी दिसत होती. चूक त्यांच्या लक्षात आली. अंगाला चमक नव्हती. चमक घरात एकाच ठिकाणी होती, राजेश्वरीच्या लग्नातल्या शालूच्या काठाला. आता एका टोकाची, आतल्या बाजूची, वीतभर जरतार काढली तर कुणाला कळणार? कुणालाही कळलं नसतं. पण संध्याकाळी "काय विशेष?" आल्यावर जोतीरामांच्या पोटात राहिलं नाही.

"शालूची?" राजेश्वरी ओरडली. "माझ्या शालूची जर तुमी माशाला घातली?"

अकरा मिनिटं. त्यात शालू, शालू घेणारे मामा, लग्नात झालेला मानपान आणि जोतीरामांची एकूण अक्कल असं सगळं निघालं. शिव्या खाऊन एवढा ताजातवाना झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. त्या दिवशी त्यांनी रात्री ताजा भात लावला.

पुढची अडचण पिसांची. सिद्धूच्या चिकनच्या दुकानातून त्यांनी मूठभर पांढरी पिसं आणली. सिद्धूनं उशीसाठी पाहिजेत का विचारलं, आणि खरं कारण ऐकल्यावर पिसांसोबत पावशेर कलेजी फुकट दिली. बिचाऱ्याला वाटलं, माणसाला पौष्टिक काही मिळत नसावं. त्या पिसांच्या पाच माश्या तयार झाल्या. त्या तरंगतात की नाही हे बघायला जोतीरामांनी त्या अंगणातल्या पाण्याच्या बॅरलमध्ये सोडल्या आणि दाढी करायला आत गेले.

आता बघा हं, माणसाचं नशीब. नेमकी त्याच सकाळी आरोग्य खात्याची पायल, डासांच्या अळ्या तपासायला, बॅटरी घेऊन गल्लीत फिरत होती. मुलगी कामाची चोख. तिनं बॅरलमध्ये बॅटरी मारली आणि किंचाळली, "काका! अळ्या हायत तुमच्यात! आन् एवढाल्या!"

तोंडाला फेस लावलेले जोतीराम बाहेर येईपर्यंत बॅरल आडवा झाला होता. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दोनशे लिटर पाणी गटाराकडं निघालं होतं, आणि त्याबरोबर पाच माश्या, एक जरीची धरून.

"अगं, त्या मी बांधल्यात!" जोतीराम गटारावर वाकून म्हणाले.

"अळ्या बांधल्या?" पायलनं वहीत बघितलं. "काका, असा कॉलम न्हाई माझ्याकडं."

कॉलम नसल्यावर माणूस किती हतबल होतो हे जोतीरामांइतकं कुणाला कळणार? त्यांनीच बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज याच कारणानं परत पाठवले होते. शेवटी पायलनं 'अळ्या आढळल्या' अशी नोटीस दिली. नोटीस हातात आल्यावर मात्र त्यांना एकदम हुरूप आला. खात्यानं लेखी कबूल केलं होतं की माशी खरी दिसते! आता माशाची काय बिशाद? फक्त तिनं बुडायला नको होतं.

हे ऐकून राजेश्वरी फोनवर फुसकन हसली. "आन् आता चार दिवस पाणी?"

"धम्मपाल सरांकडनं दोन घागरी आणल्यात."

शेजारचे धम्मपाल सर हायस्कुलात विज्ञान शिकवत. घागरी देताना त्यांनी सल्लाही दिला, कारण आमच्याकडं पाणी मोजून देतात, सल्ला तसा देत नाहीत. "ब्रॉयलरची पिसं पाणी पितात, जोतीरामभाऊ. गावरान कोंबड्याच्या मानेची घ्या, ताठ असतात. पण मी काय म्हणतो, सरळ गांडूळ का लावत न्हाई?"

"गांडूळ लावून कुणीबी धरंल सर," जोतीराम म्हणाले.

गल्लीत सगळ्यांना हे उत्तर पोचलं. मासा धरणार, तो गांडुळाशिवाय धरणार, आणि धरल्यावर सोडून देणार. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. बाई घरात नसली की पुरुषाचं असंच व्हायचं, असं ठरलं, आणि तेव्हापासून कुणी ना कुणी वाटीत आमटी पाठवू लागलं. जोतीरामांना ती वाटी बोचायची. आमटी मात्र ते संपवायचे.

तर गावरान कोंबडा. गल्लीत तो एकच होता, रंगुबाईचा. तांबडा, मानेला सोनेरी झालर, आणि चालायचा असा की कालवा निरीक्षकाला साहेबाची आठवण यावी. जोतीराम तीन दुपारी त्याला ज्वारी टाकत राहिले. चौथ्या दुपारी रंगुबाई दळणाला गेल्या असताना त्यांनी कोंबडा बगलेत धरला आणि मानेची पिसं उपटली. फक्त सहा. कोंबडा जो ओरडला, त्यानं दळणाला गेलेल्या रंगुबाई पीठ गिरणीतच ठेवून परत आल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दारातच खाली बसल्या.

"आवं, तो म्हसोबाचा हाय," त्या म्हणाल्या.

रंगुबाईंचा मुलगा साईराज तीन वेळा लष्कराच्या भरतीत नापास झाला होता. चौथ्या वेळी आईनं म्हसोबाला कोंबडा बोलला, आणि पोरगं पास होऊन बेळगावला ट्रेनिंगला गेलं. येत्या रविवारी नवस फेडायचा होता. आणि देवाला द्यायचं जनावर कसं पाहिजे? अव्यंग! नखाला नख, पिसाला पीस. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. जोतीरामांनाही ठाऊक होतं. फक्त कोंबडा नवसाचा आहे का हे विचारायचं राहिलं होतं.

"देवाच्या आधी तुमी उष्टा केलासा की हो त्याला!" रंगुबाई म्हणाल्या. "तिकडं माझ्या पोराच्या हातात बंदूक हाय!"

गल्ली जमली. कुणी म्हणालं दुसरा कोंबडा आणा. रंगुबाई म्हणाल्या, बोललेला हाच. कुणी म्हणालं पिसं परत चिकटवा. जोतीरामांकडं चांगला गोंद होता, पण त्यांनी तो विषय काढला नाही. धम्मपाल सर म्हणाले, आपला याच्यावर विश्वास न्हाई, पण शेजाऱ्याला विचारल्याबिगर पीस काढणं हे कुठल्याच धर्मात बसत न्हाई. शेवटी म्हसोबाच्या पुजाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. कोंबड्याची मान मोबाईलसमोर धरली, डावीकडून, उजवीकडून. पुजाऱ्यानं चष्मा लावला, बघितलं, आणि निकाल दिला: पिसं परत येतील, तोवर देव थांबंल, पण ज्यानं उपटली, त्यानंच तोवर कोंबडा राखावा. ओरखडासुद्धा यायला नको.

अशा रीतीनं पाटबंधारे खात्याचे निवृत्त कालवा निरीक्षक दीड महिन्यासाठी कोंबड्याचे राखणदार झाले. मांजराच्या भीतीनं ते दुपारची झोप अंगणात, खुर्चीत घेऊ लागले. येणारा जाणारा कोंबड्याची तब्येत विचारायचा. त्यांची कुणी विचारली नाही.

संध्याकाळी राजेश्वरीनं हे ऐकलं आणि आधी तिला ठसकाच लागला. मग ती हसली. आधी दबकत, बाळ झोपलंय म्हणून, आणि मग ते काही दाबता येईना. "म्हसोबाला... आवं... व्हिडिओ कॉल..." संयोगिता धावत आली, तिला वाटलं आई रडतेय. जोतीराम फोन कानाला लावून बसून राहिले. ही बाई अशी हसते हे ते विसरून गेले होते. सव्वा वर्षात ते हसणं या घरात नव्हतं, आणि ती फोनवर असतानाच त्यांना तिची आठवण आली.

"हितं चौदाव्या मजल्यावर कावळा सुदीक येत न्हाई," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली. "दिवसभर बोलायचं कुणाशी? बाळाशी. लय दिवसांनी हसले बगा."

सव्वीस मिनिटं. पण त्या दिवशी जोतीरामांनी आकडा बघितला तो फोन ठेवून बऱ्याच वेळानं.

त्या सहा पिसांच्या तीन माश्या झाल्या, आणि त्या तरंगल्या! आता पाणी पाहिजे होतं. सांगलीला कृष्णेवर जावं म्हटलं, तर धम्मपाल सर म्हणाले, तिथं मगरी हायत, आणि मगरीला खरी माशी, खोटी माशी असलं काही नसतं. मग राहिला गावापासून चार किलोमीटरवरचा तलाव. त्यात म्हैसाळ योजनेचं पाणी येतं, आणि ते कधी, किती येतं हे जोतीरामांनीच वर्षानुवर्षं मोजलं होतं. आपल्याच तलावावर आपल्याला कोण अडवतंय, अशा थाटात ते कोंबडा घरात टोपलीखाली झाकून, चिव्याच्या बांबूची काठी खांद्यावर टाकून गेले. मच्छीमार संस्थेच्या जालिंदरनं अडवलं.

"ठेका आमचा हाय, साहेब. फॉर्म भरा."

फॉर्ममध्ये होडीचा क्रमांक, जाळ्याची लांबी आणि जाळ्याच्या घराचा आकार विचारला होता. जोतीरामांनी तिन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलं.

"असं न्हाई चालत. जाळं न्हाई तर परवाना कशाचा देऊ?"

"परवाना न्हाई तर मासा कसा धरू?"

"त्योच तर प्रश्न हाय," जालिंदर शांतपणे म्हणाला. हे वाक्य जोतीरामांनी स्वतः हजार वेळा म्हटलं होतं, आणि ते समोरच्याला कसं लागतं हे आज कळलं. मग जालिंदरनं खिशातून माशी काढायला लावली, तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली. "हे तुमी केलं? म्हसोबाचा कोंबडा तो ह्योच व्हय?" म्हणजे कीर्ती चार किलोमीटर पुढं गेली होती. त्यानं फॉर्म घडी करून खिशात टाकला. "बसा तिकडं वडाखाली. ह्येला मासा लागला तर मी मिशी काढीन."

आठ दिवस जालिंदरच्या मिशीला धक्का लागला नाही. पहिल्या दिवशी गळ वडाच्या पारंबीत अडकला. दुसऱ्या दिवशी जोतीरामांच्याच शर्टाच्या कॉलरला, मागं, हात पोचणार नाही असा. धुणं धुणाऱ्या दगडाबाईंनी तो दातानं दोरा तोडून सोडवला आणि वर "घरी कोन न्हाई व्हय बघायला?" असं विचारलं. तिसऱ्या दिवशी मासा आला, माशी हुंगली आणि तोंड फिरवून गेला. हा अपमान जोतीरामांना कॉलरपेक्षा जास्त झोंबला. माणसानं तोंड फिरवलेलं सोसतं. माशानं?

पण फोन! साडेसातचा फोन सातला यायला लागला, मग साडेसहाला. तीन प्रश्न बंदच झाले. गोळी घेतली का, गॅस बंद केला का, काही नाही. हॅलोसुद्धा नाही, थेट "लागला का?" आणि मग सगळं पहिल्यापासून. पारंबी किती उंच होती, दगडाबाई अजून काय म्हणाल्या, कोंबड्याला किती पिसं फुटली. बाळ रडलं तर ती म्हणायची, "थांब रं यशराज, आजोबाचं ऐकू दे."

नवव्या दिवशी जालिंदर लग्नाला गेला होता. दगडाबाईंचं धुणं उरकलं होतं. तलावावर कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ऊन कलतं झालं, पाण्यावर वारा नव्हता. जोतीरामांनी काठी हलवली, तांबूस सोनेरी माशी अलगद पाण्यावर टेकली, आणि खालून एक तोंड वर आलं. काठी वाकली.

चिलापी होती. तळहाताएवढी, काळसर, पोटाला जराशी तांबूस. जोतीरामांनी हात ओले करून ती धरली, आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अगं, लागला!"

मग त्यांनी मागं वळून बघितलं. नुसता वड होता. तलावाचा बांध होता. लांबवर एक बगळा उभा होता, त्याला तर माशांचं काहीच अप्रूप नसणार. त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातला मोबाईल काढला. फोटो काढायचा आणि पाठवायचा, 'लागला' म्हणून. बोट बटणापर्यंत गेलं, आणि तिथंच थांबलं.

ती काय म्हणेल? "लागला? बाई गं! बरं झालं." खूश होईल. संयोगिताला दाखवेल. जावई अदबीनं अभिनंदन करील. आणि उद्या? उद्या ती फोन करील, साडेसातला, आणि विचारील, "जेवलासा?" तो सगळा दिवस जोतीरामांना तिथंच बांधावर दिसला, चहापासून भातापर्यंत.

चिलापीचा कल्ला हातात हलला. त्यांनी तिच्या ओठातून गळ हळूच सोडवला, खाली वाकून तिला पाण्यात धरलं आणि मूठ उघडली. ती क्षणभर तिथंच राहिली, मग गेली.

तेवढ्यात फोन वाजला. साडेसहाला अजून दहा मिनिटं होती.

"लागला का?"

जोतीराम बांधावर बसले. हाताला खवले चिकटले होते, ते त्यांनी पायजम्याला पुसले. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारच्या कागदावर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.

"न्हाई गं," ते म्हणाले. "आलता. अगदी जवळ आलता. सुटला."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला, आणि तो हळहळीचा नव्हता, हे लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"असू दे," राजेश्वरी म्हणाली. "आपल्याला कुठं घाई हाय? थांबा हं, यशराजला संयोगिताकडं देते आन् दार लावून घेते." खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "हं. आता सांगा, कसा सुटला?"